लोकरीची टोपली

सकाळी व्हॅनमधून उतरून विभावरी शिल्पांच्या कारखान्याच्या शेडमध्ये शिरली आणि समोर तिला स्वतःचं नाक दिसलं. आरशातलं नाक रोजच्या ओळखीचं असतं, त्याच्याशी माणसाने कधीचंच जुळवून घेतलेलं असतं. हे मात्र बाजूने दिसत होतं, ओल्या शाडूतलं होतं आणि एका रोमन बाईच्या चेहऱ्यावर होतं. मधोमध किंचित उंचवटा, मग उतार आणि शेंड्याशी जरा जास्तच आत्मविश्वास. आईचं नाक. त्याआधी आजोबांचं. घरातल्या कुठल्याही लग्नाच्या फोटोत हे नाक रांगेने उभं असायचं, आणि आता ते समुद्र ओलांडून उम्म अल कुवैनच्या औद्योगिक वस्तीत, कधीकाळी मेलेल्या एका परक्या बाईच्या तोंडावर येऊन बसलं होतं. विभावरीने पर्स टेबलावर ठेवली, चष्मा काढून ओढणीने पुसला, पुन्हा लावला. नाक तिथेच होतं. नाकाखाली तिचे ओठही होते, आणि कुणाचं तरी बोलणं पटलेलं नसताना ती जसे मिटून घेते तसे ते मिटलेले होते. गेले दोन महिने घरी आपण असेच दिसत असणार, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू फुटलं.

"खैरुद्दीनभाई, हे काय केलंत?"

"केलं मॅडम, खलास." खैरुद्दीन पाण्याच्या बादलीत हात धूत होता. "काल तुम्ही गेल्यावर बसलो आणि करूनच टाकलं. मस्त आलंय ना?"

"अहो, पण चेहरे तूर्त कोरे ठेवायचे होते. ड्रॉइंगवर मी लिहिलं होतं तसं."

"बिगर तोंडाचा माल बाहेर पाठवायचा?" खैरुद्दीनने असं पाहिलं, जणू तिने त्याला अनवाणी लग्नाला जायला सांगितलं होतं. "मॅडम, मी पेणला गणपतीच्या कारखान्यात वाढलो. डोळे उघडल्याशिवाय मूर्ती दाराबाहेर काढली असती तर मालकाने मला बाहेर काढलं असतं. मी म्हटलं, मॅडम बिझी आहेत, फोटो द्यायला विसरल्या असतील."

"आणि म्हणून माझा चेहरा?"

"मग कोणाचा घालू? घरंदाज बाई पाहिजे होती. माझ्या बायकोचा, अजराचा, घातला असता तर तिने मला घरात घेतलं नसतं. तुमचा रोज बघून पाठ झालाय." मग त्याने पलीकडच्या पुरुषाकडे बोट दाखवलं. त्याच्या मानेवर अजून नुसता शाडूचा गोळा होता. "आता साहेबांचा फोटो तेवढा आणा. बायको तोंडाची आणि नवरा बिनतोंडाचा, बरं दिसत नाही."

बरं दिसत नव्हतंच. नवरा-बायको शेजारी उभे, उजवा हात एकमेकांच्या हातात. नवऱ्याच्या डाव्या हातात कागदाची गुंडाळी, म्हणजे तो शिकलेला, कारभारी माणूस. बायकोच्या डाव्या हाताशी लोकरीची टोपली, म्हणजे ती घर राखणारी. हे शिल्प विभावरीनेच आपल्या एका जुन्या पुस्तकातून शोधून काढलं होतं, ज्या दिवसांत दुबईत कुणालाही काहीही रोमन हवं असे त्या दिवसांत. एका व्हिलाच्या मालकाला बागेच्या भिंतीवर लावायला जोडपं हवं होतं. नंतर तुमचे चेहरे त्यात घालता येतील, असं ती म्हणाली तेव्हा तो लहान मुलासारखा खूश झाला होता. मुळात ही शवपेटीची बाजू आहे, हे मात्र तिने त्याला सांगितलं नव्हतं. जहूरसेठनेच, म्हणजे कारखान्याच्या मालकाने, हात जोडले होते: "मॅडम, थडगं-बिडगं काही बोलू नका. कपल आहे, हॅपी आहे, बस." रोमन लोक अशा दगडी पेट्या आधीच घडवून ठेवत. अंग, कपडे, हात सगळं तयार. चेहरा तेवढा ओबडधोबड सोडलेला, गिऱ्हाईक मेलं की कोरायचा. कधीकधी तो कोरायचा राहूनच जाई. कधी बाईसाठी घडवलेल्या अंगावर पुरुषाचं डोकं चढे, आणि तो बापडा बायकी कपड्यांच्या चुण्यांत अनंतकाळ उभा राही. मग मंदी आली, व्हिलाचा मालक फोन उचलेनासा झाला आणि शाडूतलं जोडपं ओल्या गोणपाटाखाली कोपऱ्यात उभं राहिलं. गेल्या आठवड्यात अल बर्शात इटालियन रेस्टॉरंट काढणारा एक लेबनानी आला, त्याने गोणपाट उचलून पाहिलं आणि म्हणाला, यल्ला, चला, हेच द्या, पण तोंडं घालून द्या, कोणाचीही चालतील. अशा रीतीने थडग्याचा दगड समोर ठेवून माणसं पिझ्झा खाणार होती. विभावरीला ही गोष्ट इतकी आवडली होती की ती आठवून ती व्हॅनमध्ये एकटीच हसे आणि शेजारी बसलेल्या अकाउंट्सच्या बाईला वाटे, बिचारीच्या नवऱ्याची नोकरी गेली ना, म्हणून.

नवऱ्याची नोकरी गेली होती. उपेंद्र मोठ्या बांधकाम कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता; फेब्रुवारीत त्याच्या मजल्यावरच्या अर्ध्या खुर्च्या एका दुपारी रिकाम्या झाल्या, त्यात त्याची एक. कंपनीने तेवढी मेहेरबानी केली की व्हिसा लगेच रद्द केला नाही, पण एप्रिलअखेर तो जाणार होता. आणि त्याच्यासोबत विभावरीचा आणि लेकीचा, सृष्टीचाही. कारण विभावरी सहा वर्षं नोकरी करत असली तरी राहत होती उपेंद्रच्याच व्हिसावर. पासपोर्टात तिच्या नावापुढे 'हाउसवाइफ' छापलेलं होतं. जहूरसेठ म्हणाले होते, "मॅडम, तुमचा व्हिसा मी काढतो. मग तुम्ही साहेबांना स्पॉन्सर करा. खास परवानगी लागते, पण होतं. माझ्या ओळखीत झालंय, इन्शाल्ला." हे तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा उपेंद्र कांदा चिरत होता. त्याने सुरी थांबवली नाही. "बघू," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, कांद्याकडेच पाहत, "नाहीतर मी आधी पुण्याला जातो. सृष्टीची शाळा संपेपर्यंत तुम्ही तुझ्या व्हिसावर राहा, मग या." बघू म्हणजे काय, हे विभावरीला पंधरा वर्षांच्या संसारात नीट कळलं होतं. बघू म्हणजे नाही, फक्त भांडण नको म्हणून हळू आवाजात म्हटलेलं. महिना संपायला आला होता. त्याचा बघू काही सरकत नव्हता, आणि तिला जायचं नव्हतं. हे ती स्वतःशी अगदी स्पष्ट बोलली होती: मला जायचं नाही. मला हे काम आवडतं, हा खारा वारा आवडतो, साच्यांत ओतायच्या पांढऱ्या सिमेंटची चव आवडते. आणि उपेंद्रशिवाय इथे राहायचंही नाही.

दुपारी डबा उघडला. त्यात उपेंद्रने केलेली भरली वांगी होती. वांगी फार सुरेख होती, आणि तिथेच तर पंचाईत होती. उपेंद्र चांगला स्वयंपाक करू लागला होता. पहिल्या आठवड्यात वेळ जावा म्हणून, मग हट्टाने, आणि आता चक्क आवडीने. साइटवर काँक्रीटचं प्रमाण बघावं तसा तो मसाल्याचं प्रमाण बघे, चाखताना डोळे मिटे. "बाबा, धिस इज ॲक्चुअली बेटर दॅन मम्माज," सृष्टीने जाहीर केलं होतं, आणि विभावरीने मनापासून मान डोलावली होती. तिला स्वयंपाकाचा कंटाळा होता, लग्नाआधीपासून होता. पण दाराची बेल वाजली की उपेंद्रच्या अंगात वीज भरे. तो ॲप्रन काढून फ्रिजमागे कोंबे, जेवणाच्या टेबलावर कायम उघड्या ठेवलेल्या लॅपटॉपसमोर जाऊन बसे, पडद्यावर एक जुनं ड्रॉइंग असे, आणि मग दार उघडायला सृष्टीला सांगे. शेजारची अनुपमा आत येई, खोल श्वास घेई आणि म्हणे, "वा विभावरी, काय वास सुटलाय! ऑफिस करून हे सगळं कसं जमतं गं तुला?" विभावरी नवऱ्याकडे पाही. नवरा ड्रॉइंगकडे पाही. "जमवते," ती म्हणे. वांग्याचा देठ चोखताना आज तिला एकदम दिसलं की तो लॅपटॉप म्हणजे ती गुंडाळीच आहे. डाव्या हातात धरायची, कोणी बघायला आलं की. तिने शेडमधल्या बिनतोंडाच्या पुरुषाकडे पाहिलं. त्यानेही गुंडाळी अशीच घट्ट धरली होती, आत काय लिहिलंय ते त्याला तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

पुण्याला एम.ए. करताना सरांनी अशाच एका दुपारी, पंख्याखाली पेंगणाऱ्या वर्गाला पडद्यावर रोमन थडगी दाखवली होती. एकामागून एक बायका, आणि प्रत्येकीबद्दल दगडावर तेच: पतिव्रता, घर राखणारी, लोकर कातणारी. सर म्हणाले, यातल्या कित्येकींकडे कातायला दासी होत्या, त्यांनी चातीला बोटही लावलं नसेल. पण बाई मेली की तिच्याजवळ टोपली ठेवायची. वर्ग हसला होता. विभावरी सगळ्यांत मोठ्याने हसली होती, कारण तिला त्या बायका आवडल्या. टोपलीआड दडून त्या काय काय करत असतील, कुणाला पत्ता नाही. पुढच्याच महिन्यात सहल गेली ती वीरगळ बघायला. गावाबाहेर, बाभळींच्या सावलीत पुरुष मांडलेले: घोड्यावर, तलवारीसह, खाली गुरं, वर अप्सरा त्याला उचलून नेताहेत, नुसती धांदल. आणि त्यांच्या शेजारी सतीचा दगड. त्यावर एक हात. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला, बस. बाई कुठे गेली? तिला नाक होतं की नाही? मैत्रिणीने तिथे आपला हात वाकवून फोटो काढून घेतला होता. यापेक्षा टोपली परवडली, असं विभावरीला तेव्हा वाटलं होतं. टोपलीसोबत निदान अख्खी बाई मिळते.

पण टोपलीचा खरा राग आला तो आई गेली तेव्हा. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, तीस वर्षं. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा फळा, एका हाताने मुंबई जोडायची, दुसऱ्याने नागपूर तोडायची, आणि त्यात शेजारणीशी गप्पा. घरी आली की तिला पातेल्याचा आवाजही नको असे. तिची पोळी म्हणजे भूगोलाचा तास, रोज नवा देश. बाबांनी ती पोळी कौतुकाने खाल्ली, हेही खरं. आणि आई गेल्यावर वर्तमानपत्रात फोटो आला, खाली छापलेलं: गृहकृत्यदक्ष, साक्षात अन्नपूर्णा. विभावरीने बाबांना विचारलं, हे कोणी लिहिलं? बाबा म्हणाले, "असंच लिहितात गं. पेपरच्या ऑफिसातल्या माणसाने विचारलं, नेहमीचंच छापू का? मी हो म्हटलं." बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यांना आणखी काय बोलणार? फोटोतलं नाक मात्र त्या मजकुराकडे जरा तुच्छतेने बघत होतं. विभावरीला त्या वेळी रडता रडता हसू आलं होतं, आणि आता वांगी संपवताना पुन्हा तेच झालं. मसाला नाकात गेला. खैरुद्दीनने पाणी आणून दिलं.

संध्याकाळी व्हॅन घराकडे, अल कुसैसला, थांबत थांबत निघाली, तसं ऊन इमारतींच्या काचांवरून घसरत गेलं. अर्धवट उभ्या इमारतींवरच्या क्रेन सगळ्या एकाच दिशेला तोंड करून गप्प होत्या. फोटो मागायचा की नाही? फोटो मागितला तर तो विचारणार, कशाला. मग सगळं सांगावं लागणार: थडगं, टोपली, नाक. सांगावंच. इतके दिवस दोघं फक्त भाज्यांबद्दल बोलत होते, निदान एक नवा विषय. तिने घरात शिरताच सांगून टाकलं. उपेंद्र ऐकत राहिला, मग हळूहळू त्याचा चेहरा सैल झाला, आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा तो पोट धरून हसला. "पिझ्झा! थडग्यासमोर!" सृष्टी म्हणाली, "दॅट्स सो क्रीपी. आय वॉन्ट टू सी इट." आणि शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, तिघं गाडी काढून उम्म अल कुवैनला गेले. फोटोपेक्षा माणूसच बरा, असं खैरुद्दीनने फोनवर सांगितलं होतं.

शेडमध्ये शुक्रवारची शांतता होती. दूर खाडीकडून पक्ष्यांचा आवाज येत होता. उपेंद्र बायकोच्या शाडूतल्या चेहऱ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. एकदा शाडूच्या विभावरीकडे, एकदा खऱ्या.

"हे तोंड मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी बघू म्हटलं की असं होतं."

विभावरीचे ओठ तसेच मिटले, आणि सृष्टी ओरडली, "ओ माय गॉड, सेम!"

खैरुद्दीनने उपेंद्रला उभं केलं, मान जरा वळवली, हनुवटी वर केली. "साहेब, हातात काहीतरी धरा, त्याशिवाय खांदा नीट पडत नाही." विभावरीने टेबलावरच्या ड्रॉइंगची गुंडाळी आणून त्याच्या डाव्या हातात दिली. उपेंद्रने ती धरली. सवयीचा हात, बोटं आपोआप बसली. खैरुद्दीनने शाडूचे लचके लावायला सुरुवात केली, तशी गोळ्यातून कपाळाची एक बाजू वर आली. तेवढ्यात उपेंद्र मान न हलवता म्हणाला, "विभा, तुझ्याजवळ ती टोपली कसली?"

"लोकरीची. बायकांच्या थडग्यावर असते."

"सगळ्यांच्याच?"

"बहुतेकींच्या."

"पण तू तर साधं बटण लावत नाहीस. सृष्टीच्या युनिफॉर्मची बटणं मी लावतो."

"असंच घालतात," विभावरी म्हणाली, आणि बाबांचा आवाज आपल्या तोंडून आला हे तिला ऐकू आलं. "विचारतं कोण, नेहमीचंच घालतात."

खैरुद्दीन नाकपुडीशी झटत होता. बाहेर वाऱ्याने पत्र्यावर वाळू टाकली. विभावरीला वाटलं, आता उपेंद्र गुंडाळी आणखी घट्ट धरेल. बेल वाजल्यासारखा. आपण उगाच आणलं याला इथे. माणूस दोन महिन्यांनी हसला होता, तेवढ्यावर थांबायला हवं होतं. जातो म्हणाला तर जाऊ दे, आपणही जाऊ, पुण्यातही शाडू मिळतो.

"खैरुद्दीनभाई," उपेंद्र म्हणाला, "ती टोपली काढून माझ्याकडे लावता येईल?"

खैरुद्दीनचा हात थांबला. "साहेब, ओरिजिनलमध्ये बाईकडे आहे."

"ओरिजिनलमध्ये तोंडं पण नव्हती. ती तुम्ही घातलीच ना?"

खैरुद्दीनने विभावरीकडे पाहिलं. विभावरीने होकारार्थी मान हलवली. त्याने शाडू कापायची तार घेतली आणि टोपली बाईच्या हाताजवळून अलगद कापून काढली, दोन्ही तळव्यांवर धरली. उपेंद्रने आपल्या हातातली गुंडाळी विभावरीच्या हातात दिली. "धर. तुझंच आहे हे," तो म्हणाला, आणि ओल्या शाडूची टोपली स्वतः घेऊन कमरेशी टेकवून उभा राहिला. त्याच्या इस्त्रीच्या शर्टवर ओला डाग पसरला, त्याचं त्याला काही वाटलं नाही. टोपलीत वाकून पाहत म्हणाला, "लोकर नको पण. वांगी करता येतील? देठासकट."

"रोमन लोकांकडे वांगी नव्हती," विभावरी म्हणाली. आता तिला रडू येत होतं, आणि ते तिने येऊ दिलं.

"नसतील. थडगं आपलं आहे."

परतताना सृष्टी मागे झोपली. अल कुसैसच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा उपेंद्र समोर बघतच म्हणाला, "जहूरसेठना सांग, कागद करायला घ्या म्हणावं. माझे फोटो कपाटात वरच्या खणात आहेत." आणि सिग्नल सुटल्यावर, "पांढऱ्या पार्श्वभूमीचे आहेत." विभावरीने त्याच्या हातावर हात ठेवला. शाडू वाळून पांढरा झाला होता, तिच्या बोटांना खरखरीत लागला.

रेस्टॉरंट उघडलं तेव्हा मेट्रो नुकतीच सुरू झाली होती आणि अल बर्शात लोक उगाचच मेट्रोत बसून परत येत होते. तिघं एका संध्याकाळी तिथे जेवायला गेले. शिल्प दरवाज्यासमोरच्या भिंतीवर होतं, खालून दिवे सोडलेले. लेबनानी मालकाला बदल कळलाच नव्हता. त्याला जोडपं हॅपी हवं होतं, ते होतं. विभावरीने भिंतीवरच्या, गुंडाळी धरलेल्या स्वतःच्या हाताकडे आधी पाहिलं, मग नाकाकडे. आई असती तर म्हणाली असती, बरं आलंय, पण वेणी कुठे गेली? पिझ्झा आला, आणि त्याच्या पाठोपाठ उपेंद्रच्या जुन्या कंपनीतला अंकुर, बायकोसह, शेजारच्या टेबलाकडे निघालेला.

"अरे उपेंद्र! हबीबी! किती दिवसांनी! कुठे असतोस सध्या?"

विभावरीने काटा खाली ठेवला. तिला माहीत होतं काय येणार ते: कन्सल्टिंग करतोय, दोन-तीन गोष्टी चालू आहेत, बघू. तो बघू ऐकायची तिने तयारी केली. उपेंद्रने तोंड पुसलं, खुर्ची जराशी वळवली आणि हात वर करून भिंतीकडे दाखवलं.

"तिथे," तो म्हणाला. "ती टोपली माझी. विभाच्या व्हिसावर आहे मी, घर सांभाळतो. शुक्रवारी या दोघं जेवायला, भरली वांगी करतो."

अंकुरने वर पाहिलं, उपेंद्रकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. मग तो म्हणाला, "छान आहे रे." त्याची बायको मात्र शिल्पाजवळ जाऊन टाचा उंचावून टोपलीत काय आहे ते बघत होती, आणि तिला देठ दिसले असावेत, कारण ती मोठ्याने हसली. विभावरीही हसली. सृष्टी म्हणाली, "यू गाइज आर सो एम्बॅरसिंग," आणि शेवटचा तुकडा उचलला. उपेंद्रने आपल्या तुकड्यावरचा सॉस बोटाने चाखला, डोळे मिटले आणि म्हणाला, "लसूण कमी आहे."